आबांच्या सायकलचा चिमटा

माझी पहिली नोकरी चिमट्यांची होती. गावाकडं हे सांगितलं की बायका चुलीतले निखारे उचलायच्या चिमट्याकडं बघायच्या आणि एवढी शिकून पोरगी हेच करते म्हणून आईची कीव करायच्या. मी समजावत बसायची नाही. सायकलचं पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरून जे वर हँडलापर्यंत जातं त्यालाही चिमटाच म्हणतात. शिरवळच्या एका कारखान्यात आम्ही तो हलणारा बनवत होतो. चाक खड्ड्यात गेलं की चिमट्याचे दोन्ही पाय आतल्या रबरी गुल्ल्यांवर दाबले जायचे आणि दणका हातापर्यंत पोचायचा नाही. असली सायकल नव्वदच्या दशकात पुण्या-साताऱ्याच्या कॉलेजातली पोरं मिरवायची. आमच्या जत तालुक्यात ती कुणी पाहिलीही नव्हती.

मी साताऱ्यात खोली घेऊन राहत होते. सकाळी कंपनीची बस खंबाटकीचा घाट उतरून शिरवळला न्यायची. ड्रॉइंगच्या खोलीत मी एकटीच बाई. आमचे साहेब वयानं मोठे, बोलायला कमी आणि शिकवायला कडक होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक वाक्य दिलं, ते मी अजून वापरते. म्हणाले, "चिमटा एकाच दिशेला मऊ हवा, खालून वर. बाकी सगळ्या दिशांना ताठ." तो बाजूला वाकला किंवा पिळला गेला तर हँडल एकीकडं जातं आणि चाक भलतीकडं. दोन पाय मागंपुढं दाबले जाऊ नयेत म्हणून टायरवरून एक कमान टाकून ते एकमेकांना बांधायचे. मग चिमट्याची वरची दांडी शिकंज्यात पकडायची, खालच्या टोकाला वजनं टांगायची आणि काटा किती सरकतो ते बघायचं. माणसाकडंही मी हळूहळू तसंच बघायला लागले. कुठं वजन टांगलं की हा वाकेल, आणि कुठं टांगलं तरी हलणार नाही.

त्याच सुमारास दांडीचं माप बदललं. ही दांडी म्हणजे चिमट्याच्या डोक्यातून निघून सायकलच्या मानेत शिरणारी नळी. तोवर ती सगळीकडं एक इंची होती. परदेशातल्या गिऱ्हाइकानं आता ती एक इंच एक सूत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागानं मोठी, मागितली. एका सुतानं काय असं मोठं होणार आहे, असं मी विचारलं. साहेबांनी दोन नळ्या माझ्यापुढं टाकल्या. बारीक नळी जाड पत्र्याची आणि घेरानं मोठी नळी पातळ पत्र्याची होती, पण टांगलेल्या वजनाला मोठी नळीच कमी वाकली. ताठपणा घेरात असतो, पत्र्यात नाही, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. पुढं सगळी ड्रॉइंगं मी नव्या मापानं पुन्हा काढली. एक इंची नळ्या न कापता मांडणीवर पडून राहिल्या. त्या कुणालाच नको होत्या.

त्या आमच्या आबांच्या उपयोगी पडतील असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून आल्यावर ते टपाल खात्यात लागले. आमचं गाव आणि कर्नाटकाच्या बाजूच्या चार वाड्या-वस्त्या, एवढं टपाल ते सायकलवरून वाटायचे. रस्ता म्हणायचा तो अंथरून ठेवलेली खडी, तीही रोलर न फिरवता. त्यावरून पाण्याचे टँकर जाऊन आणखी चाकोऱ्या पडलेल्या. सायकल जुनी, काळी, उंच. चिमटा कडक लोखंडाचा. आबा पण तसेच होते. खाकी सदरा, बाह्या मनगटापर्यंत आणि तिथलं बटण लावलेलं, जतच्या उन्हाळ्यातसुद्धा. फौजेची शिस्त, असं सगळे म्हणायचे आणि मीही म्हणायची.

आबांचा दुसरा जीव ढोलकीत होता. आमच्या बौद्ध वस्तीत एप्रिलातल्या जयंतीला गाणी व्हायची आणि ढोलकी आबांचीच असायची. टपालात जे आबा शब्द मोजून बोलायचे ते ढोलकी मांडीवर आली की हसायचे. लहानपणी मला वाटायचं की आबा दोन आहेत आणि जयंतीचे आबा वर्षातून एकदाच येतात. त्यांची वाट बघण्यात माझं लहानपण गेलं म्हटलं तरी चालेल.

एका जयंतीला मी सुट्टी काढून गेले होते. गाणं रंगात आलेलं असताना आबांची थाप चुकली. पुन्हा धरली, पुन्हा चुकली. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट ढोलकीच्या पानावर पडत होतं, पण उशिरा. त्यांनी एकदा त्या बोटांकडं नीट बघितलं. मग गाणं चालू असतानाच ढोलकी शेजारच्याच्या मांडीवर सरकवली आणि उठून गेले. वजन कुठं टांगलं की आबा वाकतील हे मला त्या दिवशी कळलं.

दोन बोटांना मुंग्या येतात, मग ती बधिर होतात, हे त्यांनी नंतर कबूल केलं. सायकलचे दणके, दुसरं काय, असं आबाच म्हणाले. इतकी वर्षं खडीवर हँडल धरलंय, बोटं किती सोसणार. आईनं मान हलवली, वस्तीनं मान हलवली. मी साहेबांना विचारलं, तर तेही म्हणाले की असं होतं. हँडलावर भार टाकून तासन्‌तास चालवणाऱ्यांची तळव्यातली शीर दबते आणि नेमकी तीच दोन बोटं जातात. मला तर आनंद झाला. ज्या रोगावरचं औषध आपण रोज कागदावर काढतो, नेमका तोच रोग आपल्या घरात निघावा.

साहेबांच्या परवानगीनं मी आबांसाठी एक चिमटा करून घेतला. जुन्या सायकलची मान एक इंची दांडीची, आणि उंच चौकटीमुळं लांब. नव्या मापाची दांडी त्यात शिरली नसती आणि जुन्या तयार दांड्या आखूड पडल्या असत्या. मग मांडणीवरची न कापलेली नळी काढली, आबांच्या सायकलच्या मापानं कापली, आटे पाडले आणि चिमट्याच्या डोक्यात दाबून बसवली. चाक आमचं लहान होतं, पण चिमटा जुन्यापेक्षा उंच. एकातलं उणं दुसऱ्यानं भरून काढलं आणि सायकल जवळजवळ होती त्याच उंचीवर उभी राहिली. हे गणित जुळलं तेव्हा मला वाटलं की आबांच्या सायकलनं माझी वाटच बघितली होती.

दिवाळीच्या सुट्टीत चिमटा, चाक आणि त्याचे ब्रेक पोत्यात बांधून मी एसटीनं गावी नेलं. दारातच पाने घेऊन बसले आणि बसवलं. वस्तीतली माणसं जमली. कुणी हँडल दाबून बघायचं, कुणी म्हणायचं की पोष्टाची मोटारसायकल झाली. आबांनी जुनं चाक, ब्रेक काहीच टाकू दिलं नाही, आणि जुना चिमटा तर नाहीच. तो पुसला, तेल लावलं, पोत्यात गुंडाळला आणि शेळ्यांच्या छपराच्या आढ्याला टांगला. मग सायकलवर बसून खडीवर एक फेरी मारून आले. कसं वाटलं विचारलं तर "लय मऊ हाय" म्हणाले आणि सदऱ्याचं बटण चाचपत आत गेले.

मी परत आले तर कारखान्यात वेगळाच घोळ झाला होता. दसरा झाल्यापासून चिमटे परत येत होते. दाबले जाईनात, दाबले तर सुटेनात. आम्ही रबरी गुल्ले बदलले, काही फरक नाही. ग्रीस बदललं, नाही. साहेबांचं एकच म्हणणं असायचं, की एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलून दुखणं गेलं नाही तर दुखणं तिथं नव्हतंच, पुढं चला. शेवटी मी एका चिमट्याची धूळ अडवणारी रबरी कडी काढली, तर आत लालसर चिकट थर. मी म्हटलं, गंज. साहेबांनी बोटावर घेऊन वास घेतला आणि मी त्यांना पहिल्यांदा खळखळून हसताना पाहिलं. ते हळद-कुंकू होतं. खंडेनवमीला पोरांनी सायकलची पूजा केली होती आणि हळद-कुंकवाची बोटं चिमट्याच्या सगळ्यात चकचकीत जागी, म्हणजे नेमकी आत-बाहेर सरकणाऱ्या नळीवर ओढली होती. आमच्या घरी पूजाही नाही आणि हळद-कुंकूही नाही, म्हणून मला ते ओळखू आलं नाही. पुढच्या मालाला आम्ही त्या नळ्यांवर रबराचे बुरखे चढवले आणि तक्रारी थांबल्या.

माघाच्या थंडीत मी पुन्हा गावी गेले. आबा चिमट्यावर खूश असतील या खात्रीनं. आईनं चहा आणला, स्टीलच्या पेल्यात, उकळता. मी पेला पदराच्या टोकानं धरला. आबांनी आपला पेला नुसत्या हातानं उचलला आणि बोलत राहिले. बोलणं टँकरचं चाललं होतं. पेला खाली ठेवला तेव्हा त्यांच्या करंगळीच्या कडेला कातडी पांढरी पडली होती आणि तिच्या शेजारी आधीच्या एका फोडाची वाळलेली खपली होती.

ढोलकी कशी चाललीय, मी विचारलं. आबा म्हणाले की खुंटीवर हाय.

बोटं तशीच होती. उलट आणखी बधिर झाली होती. मला साहेबांचं वाक्य आठवलं. दणके आपण काढून टाकले होते, तो चिमटा मी स्वतः मोजून केला होता, आणि तरी दुखणं जागच्या जागी होतं. म्हणजे ते तिथं नव्हतंच. मी उठले आणि आबांच्या उजव्या बाहीचं बटण सोडलं. त्यांनी हात मागं घेतला, पण उशिरा. कोपराच्या खाली हातावर एक फिकट चट्टा होता, तळहाताएवढा, त्यावर लव नव्हती. आई चुलीकडं तोंड करून बसली. तिला माहीत होतं.

मला राग आला आणि तो मी लपवला नाही. मिरजेला दवाखाने काय कमी आहेत, फुकट औषधं मिळतात, फौजेत राहिलेला माणूस असा घाबरतो काय, असं मी बरंच बोलले. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग बाही खाली ओढली, बटण लावलं आणि म्हणाले, "माझ्या बापाला ह्या गावानं वरनं पानी घातलं, ओंजळीत. आज त्याच घरातली मान्सं माझ्या हातातनं पत्र घेत्यात. बोटाला बोट लागतंय, पर कोन हात मागं घेत न्हाई. ते आत्ता कुटं सुरू झालंय, बाय. महारोग म्हनलं की पुना वरनं घालतील."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मग आईच म्हणाली की हात गेले तर पत्र कशानं देणार. आबांनी तिच्याकडं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीला आम्ही मिरजेला निघालो.

डॉक्टर बाई होत्या. त्यांनी आबांना डोळे मिटायला सांगितलं आणि पेनाचं टोक हातावर ठिकठिकाणी टेकवत विचारत गेल्या, इथं लागतंय का. कुठं हो, कुठं आबा गप्प. टोक करंगळीवर असायचं आणि आबा वाट बघत बसलेले असायचे. ते बघणं फार जड गेलं. मग बाईंनी कोपराच्या आतल्या बाजूला बोट दाबलं आणि मलाही दाबून बघायला लावलं. आत दोरीसारखी एक शीर लागली, सुजलेली. हीच शीर करंगळीला आणि शेजारच्या बोटाला जाते, त्या म्हणाल्या, सायकलनं दबते ती तळव्यात आणि या आजारानं सुजते ती कोपरात, बोटं तीच. म्हणून सगळ्यांची समजूत तशी झाली असेल. औषध चालू केलं की दुसऱ्याला काही भीती राहत नाही आणि आजार पुरा बरा होतो, हे त्यांनी आबांचा हात हातात धरून सांगितलं. बोलणं संपलं तरी त्यांनी तो लगेच सोडला नाही. बोटांचं विचारलं तेव्हा मात्र म्हणाल्या, "शीर सुजलीय, मेलेली नाही. थोडं परत येईल, थोडं येणार नाही. किती ते मला सांगता येणार नाही."

आबांनी औषधं फौजेतल्यासारखी घेतली, एक वेळ चुकवली नाही. हँडलाला आईनं जुन्या लुगड्याची जाड पट्टी गुंडाळली. रोज संध्याकाळी ती आबांचे दोन्ही हात उजेडात धरून भाजलं-कापलं बघायची. बातमी फुटायची ती फुटलीच. एका घरानं आतूनच सांगितलं, टपाल कट्ट्यावर ठेवा. आबा ठेवून आले नाहीत. पत्र हातात धरून उन्हात उभे राहिले. त्या घरातली म्हातारी शेवटी बाहेर आली आणि तिनं ते घेतलं, टोकाला धरून, पण हातातून. हे मला आईनं सांगितलं. आबांनी कधीच सांगितलं नाही.

पुढच्या जयंतीला आबा गाण्यात नव्हते. मागं उभे राहून ऐकत होते. मी घरी होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आढ्यावरचं पोतं खाली काढून माझ्यापुढं ठेवलं. जुना चिमटा. हा परत बसव, म्हणाले.

मी सरळ नाही म्हटलं. डॉक्टर बाईंनी हात जपायला सांगितलेत, दणके कशाला हवेत, आणि मी काय गंमत म्हणून हे काम करते का? माझा आवाज चढला होता. मी एवढी वर्षं दणका हातापर्यंत पोचू नये म्हणून डोकं लावत होते आणि ज्याच्यासाठी सगळ्यात जास्त लावलं तोच माणूस ते काढून टाक म्हणत होता. आबा पोत्यापाशी बसले. चिमट्यावरून हात फिरवला.

"तुजा चिमटा लय गुनाचा हाय," ते म्हणाले. "पर त्येच्यावर बसलो की मला कायबी कळंना. हात बधिर, वरनं रस्ता बी बधिर. खडी हाय का माती, डोळ्यानं बगून वळखायची. हातात काय उरलंय ते मला कसं कळावं? जुना बसीव. लागू दे की मला."

मी पाने आणले. माझं हळूच दाबलं जाणारं, मोजून मापून केलेलं काम उतरवलं आणि ते आडदांड लोखंड पुन्हा मानेत बसवलं. जुनं मोठं चाक, जुने ब्रेक. छर्रे एकेक करून ग्रीसमध्ये बसवले. लुगड्याची पट्टी मात्र मी काढू दिली नाही. आबाही त्यावर अडले नाहीत.

ते सायकलवर बसले आणि टँकरच्या विहिरीकडं जाणाऱ्या खडीच्या वाटेला लागले. मी आणि आई दारात उभ्या. सायकल उडत होती, खडखडत होती, आबांचे खांदे दर दगडाला हलत होते. माझं ड्रॉइंगच्या खोलीतलं मन एकेक दणका मोजत होतं. वळणावर ते दिसेनासे झाले. थोड्या वेळानं परत येताना दिसले, सावकाश, नेहमीसारखे ताठ.

दारात येऊन उतरले नाहीत. एक पाय जमिनीला टेकवून बसून राहिले. उजवा हात हँडलावरून उचलला आणि डाव्या हातात धरला, जसं डॉक्टर बाईंनी धरला होता तसा.

"लागलं गं," ते म्हणाले. "करंगळीत. बारीकच, पर लागलं."

आईनं पदर तोंडाला लावला. मी रडले, आणि मला ते कुणापासून लपवावंसं वाटलं नाही. आबा हसत होते. वर्षातून एकदा यायचे ते आबा. मग त्यांनी सायकल वळवली आणि पुन्हा त्याच खडीवर गेले.